मीठसाहेब

तापातून उठल्यापासून खवय्या नवऱ्याची अन्नावरची वासनाच उडाली; वाळून काडी झाला. शेवटचा उपाय म्हणून तिने त्याला ओढतच नेहमीच्या हॉटेलात आणलं. “मीठसाहेब आले रे!” वेटर आत ओरडला. चिमूटभर मीठ चुकलं की वाटी परत पाठवणारं गिऱ्हाईक! सूप आलं. चमचा तोंडात घालून त्याने डोळे मिटले. “अहाहा! अगदी बेताचं मीठ!” तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याच्या मांडीवरची लेक त्याच वाटीतला घोट घेऊन थुंकली. “ई! बाबा, खारट!” मग बायकोने चाखलं. घशाखाली उतरेना. मीठ दोनदा पडलं होतं. “कधीपासून?” तिने विचारलं. “तापापासून. कशाचीच चव लागत नाही गं.” वेटरने ओशाळून वाटी बदलली. नवऱ्याने ती तिच्यापुढे सरकवली. “तू खा,” तिच्या हातात चमचा कोंबत तो म्हणाला, “आणि मला सांग, मीठ कसं पडलंय.”