मंत्र्यांनी मांडलेली सात पानं

कॅरिबियन समुद्राने थिऑफिलस स्वीनींइतका थोर मंत्री आजवर पाहिला नाही. जमिनी, घरबांधणी, शेती, रस्ते आणि ज्वालामुखी ही पाच खाती त्यांनी सव्वीस वर्षं एकहाती सांभाळली. एकहाती म्हणजे अगदी एका हाताने, कारण दुसऱ्या हातात छत्री असे. कचेरीचं छप्पर गळत होतं, आणि घरबांधणी खातं त्यांचंच होतं.

सोमवारी ते निवृत्त होणार होते. म्हणून शनिवारी त्यांनी जंबींना, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांना, घरी जेवायला बोलावलं. मेलेल्यांना बोलवायचं ते अंधार पडल्यावर, अशी बेटावरची रीत. मंत्र्यांनी दुपारी तीनची वेळ दिली. सरकारी काम ते कचेरीच्या वेळेतच करत.

टेबलावर सात पानं मांडली होती. बकरीचं कालवण, भाजलेला नीरफणस, रमचे सात पेले. कशातच मीठ नव्हतं; जंबींना ते चालत नाही. बशा सरळ करताना मंत्र्यांचा हात थरथरत होता.

"सही करताना नव्हता थरथरला," फ्लोरेटा फेगन म्हणाली. पंचवीस वर्षांत ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पंचवीस वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा डोंगर धुमसत होता. वरची शेतं बंद केली होती, आणि खाली हलवलेल्या लोकांना छावणीत खायला नव्हतं. सात शेतकरी पीक काढायला वर सोडा म्हणून हटून बसले. तज्ज्ञ नको म्हणाले. स्वीनींनी सात पासांवर सह्या केल्या, सकाळी सात ते दुपारी चार. पावणेचारला डोंगर खाली आला. त्या सातांत फ्लोरेटाचा नवरा जोसाया होता.

चौकशी समितीने स्वीनींना निर्दोष ठरवलं. मतदारांनी पाच वेळा ठरवलं. राहता राहिले हे सात.

"एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय, फ्लोरेटा," मंत्री म्हणाले. "शिव्या घातल्या तरी चालेल."

"घालेल की. माझा जोसाया शिव्यांना कधी कमी पडला नाही."

कोपऱ्यात ढोल तापले. जंबींना अंगात घेणाऱ्या ऐंशी वर्षांच्या मिस केझाया खुर्चीतून उठल्या. त्यांचे गुडघे चर्चच्या पायरीवर कुरकुरत, ढोलावर कधीच नाही.

"थिओ, खिशात काय आहे ते?"

"निवेदन. तीनच पानांचं."

"ठेव तिकडे. जिवंतपणी ऐकली तेवढी पुरे झाली त्यांना."

मिस केझाया नाचू लागल्या. गिरक्या घेत घेत टेबलाभोवती फिरल्या, आणि सातव्या, जोसायाच्या पानापाशी धपकन बसल्या. त्यांचे डोळे पांढरे झाले. ढोल थांबले. त्यांना खोकला लागला. तोंडावर धरलेला रुमाल राखाडी होत गेला.

मंत्री उभे राहिले. त्यांनी चष्मा चढवला आणि शेवटी निवेदन काढलंच. "सन्माननीय मृतहो, तत्कालीन परिस्थिती लक्षात घेता..."

"स्वीनी," फ्लोरेटा म्हणाली.

मंत्र्यांनी कागद खाली ठेवला. चष्माही काढला. चष्म्याशिवाय ते कुणाचेही आजोबा दिसत.

"जोसाया, माझं चुकलं," ते म्हणाले. "तुम्ही कितीही हटून बसला होतात, तरी मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणणं एवढंच माझं काम होतं. मला माफ करशील?"

एका पेल्यातली रम हळूहळू खाली गेली.

मग मिस केझायांच्या गळ्यातून पुरुषाचा आवाज आला. दिवसभर राबलेल्या माणसाचा, दमलेला, खुशीतला. फ्लोरेटाने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"माफ? ते कशाबद्दल, साहेब? बरं झालं भेटलात. तेवढा पास पाचपर्यंत वाढवून द्या ना. गाजरांच्या दोनच सरी राहिल्यात."