मार्लो काउंटीचा जाणकार

"बिग एल्क नदी गावाच्या कुठल्या अंगाला?" शामकांतांनी विचारलं.

"नदी मी पाहिली नाही, काका," प्रबोध म्हणाला.

"घ्या! नऊ महिने मार्लो काउंटीत काढले आणि नदी पाहिली नाही!"

परदेशातल्या, टॅम्पिनीसमधल्या शामकांतांच्या फ्लॅटमध्ये कॉफी कधीच निवून गेली होती. योगिनी मान खाली घालून बसली होती. ऑफिसात भेटलेला हा मुलगा तिने स्वतः पसंत केला होता, पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय ती लग्न करणार नव्हती. बाबांच्या डोळ्यांत तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. त्यात त्याच्या बायोडेटात अमेरिकेतल्या मार्लो काउंटीचं नाव सापडलं. मग काय, शामकांत कंबर कसूनच बसले. त्या आडबाजूच्या मुलखाचा कोपरान् कोपरा त्यांना पाठ होता. त्यांचा थोरला विवेक सहा वर्षं तिथेच होता, बड्या हुद्द्यावर.

आल्या आल्या हा पोरगा विवेकच्या भिंतीवरच्या फोटोपुढे थबकला होता. जळला असेल मेला, असं शामकांतांना वाटलं. स्वतः शामकांतांनी तीस वर्षं जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून काढली होती. थापाडे त्यांनी ढिगाने पाहिले होते.

"बरं, रेल्वे कधी आली तिथे?"

प्रबोधची नजर पुन्हा त्या फोटोकडे गेली.

"अठराशे एकाहत्तर! चुनखडीच्या खाणींसाठी. कोर्टाची इमारत दोनदा जळली, ती कशाने?"



शामकांतांनी पत्रांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "हा माझा मुलगा! दोन हजार चौदा साल उजाडलं, लोक व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्द टाकून मोकळे होतात. हा अजून हाताने पत्रं लिहितो. चार-चार पानं! महापूर, खाणी, मूळच्या लोकांना कसं हुसकावलं, सगळं. बिचाऱ्याला रजा मिळत नाही, पण अभ्यास बघ! आणि तू? जेवायला कुठे जायचास ते तरी सांग."

"जिथे काम, तिथेच जेवण. झोपायलाही तिथेच. बाहेर पडणं फारसं व्हायचं नाही."

"सोयीचं उत्तर आहे!"

"अहो, पुरे की," सुलेखाबाई म्हणाल्या. "लग्न मुलाशी लावायचंय, गावाशी नाही."

"तू मध्ये पडू नकोस! मार्लोत याने पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"बाबा, प्लीज!" योगिनीला रडू फुटलं.

शामकांतांचा पारा आणखीच चढला. "आजच विवेकला लिहितो. तो तिथल्या दहा जणांकडे चौकशी करेल. खोटा निघालास ना, तर तुझ्या कंपनीला कळवीन. इथला नोकरीचा पास रद्द झाला की परत जाऊन बस पुण्यात माश्या मारत! आणि पुन्हा माझ्या पोरीचं नाव काढायचं नाही."

"काका, विवेकला नका विचारू."

"का रे? आता का तंतरली?"

प्रबोधने योगिनीकडे पाहिलं. ती हुंदके देत होती. ती त्याच्याकडे बघेना, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"हा सगळा इतिहास मी विवेककडूनच ऐकलाय, काका," तो हळूच म्हणाला. "मी तिथल्या तुरुंगात कॅमेरे बसवत होतो. तो गजांच्या आडून सांगायचा."