कामानिमित्त

बँकेतल्या मुलीनं फोन होल्डवर टाकला आणि तीच ती धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कान तापला म्हणून लेकीनं फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला. समोर आई मटार सोलत बसली होती.

"एवढ्या वेळात माझी भाजी शिजली असती," आई म्हणाली. "कसलं काम आहे एवढं?"

"कार्डाचं. उद्या त्याचं वर्ष भरतं. आज 'नको' म्हटलं नाही तर पुढच्या वर्षाची फी आपोआप कापून घेतील."

"मग म्हण की नको."

"तेच म्हणायचंय. पण आधी गाणं ऐकवतात."

आई हसली नाही. लेकही नाही. दोघींना एकत्र हसायला नेहमीच तिसरं कुणीतरी लागायचं आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेलं असायचं. खुर्चीवर आता घड्या केलेल्या चादरी होत्या.

धून मध्येच तुटली. "लाइनवर थांबल्याबद्दल धन्यवाद, मॅडम. तर दोन पर्याय आहेत. आत्ताचं प्रवासाचं फीवालं कार्ड चालू ठेवायचं, नाहीतर बिनफीचं घ्यायचं. फीवाल्यात पॉइंट दुप्पट, तिकीट बदललं तर दंड नाही, शिवाय विमानतळावर लाउंज मोफत."

"लाउंज माहीत आहे," लेक म्हणाली.

शेवटच्या खेपेला विमानाला उशीर होता. त्या लाउंजमधल्या मऊ खुर्चीत ती फुकटचं सूप पीत बसली होती, तेव्हा आईचा फोन आला. आई एवढंच म्हणाली होती, "आता सावकाश ये."

"आणि बिनफीचं घेतलं तर?"

"त्यात पॉइंट कमी, बाकी सवलती नाहीत. वर्षातून एखाद-दुसरी फेरी असेल तर तेच बरं, मॅडम. फीवालं वसूल व्हायला सारखं जाणंयेणं लागतं." पलीकडे बोटं कीबोर्डवर टकटकली. "तुमचं मात्र छान वसूल झालंय हं. वर्षभर दर महिन्याला फेरी, कधीकधी दोन. सगळ्या एकाच गावच्या. भरपूर पॉइंट जमलेत. कामानिमित्त का?"

लेकीनं आईकडे पाहिलं नाही. "हो. काम होतं."

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

"आणि आता? संपलं का काम?"

प्रश्न सरळ होता. त्या पोरीला समोरच्या पडद्यावरचा एक रकाना भरायचा असणार. लेकीनं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं, याचं उत्तर आपण अजून स्वतःलाही दिलेलं नाही. रजा संपत आली होती. ऑफिसातले साहेब आता धीर देत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. यापुढे दर महिन्याला बॅग भरायला नको, एवढ्या विचारानंही तिला हलकं वाटायचं आणि लगोलग स्वतःची लाज वाटायची.

"सांग ना, संपलं म्हणून," आई हळूच म्हणाली. "संपलंच की."

"आई, थांब जरा."

"थांबायचं काय त्यात? मी धडधाकट आहे. माझं कसलं आलंय काम? बिनफीचं घे." आईनं नवी शेंग उचलली. "ह्यांनी अंथरूण धरलं आणि पॉइंट तुला मिळाले. पुरे झाले तेवढे."

"मॅडम? ऐकताय ना?"

"एक मिनिट हं."

आईनं शेंग सोलली. दाणे टरफलांच्या ढिगात टाकले आणि टरफल भांड्यात. दुसऱ्या शेंगेचंही तेच केलं. मग भांड्यात बघतच म्हणाली, "गुडघा मात्र दुखतो हल्ली."

लेकीनं मान वर केली. अंगात ताप असला तरी 'जरा कसर वाटतेय' यापलीकडे कधी न गेलेली ही बाई.

"कोणता गुडघा?"

"हा." आईनं घाईघाईनं उजवा गुडघा धरला. "जिना चढताना. तसं विशेष काही नाही. पण डॉक्टर म्हणतील, दर महिन्याला दाखवायला हवं. सोबत कुणीतरी लागेल."

"कोणते डॉक्टर?"

"असतील ना कुणीतरी!"

लेक थोडा वेळ आईच्या त्या हाताकडे बघत राहिली. मग फोनवर वाकली. "फीवालंच असू द्या."

"नक्की ना, मॅडम? म्हणजे काम चालू आहे?"

"हो. आईचा गुडघा दुखतो."

"अरेरे. काळजी घ्या त्यांची," पोरगी म्हणाली आणि पुन्हा धून सुरू झाली.

"परक्या पोरीला कशाला सांगायचं घरातलं?" आई करवादली. "आणि फी गेली ती गेलीच वर." तिनं भांडं काखेत मारलं, टेबलाला रेटा देऊन उठली आणि गॅसच्या दिशेनं निघाली. बेतानं, भिंतीला हात लावत, एक पाय ओढत. डावा.

टरफलांचा ढीग पुढ्यात ओढून लेक त्यातले दाणे वेचू लागली.