शंकूच्या जागी

जावयाने आज पुन्हा लाज सोडली. आजीची नात मुंगी व्यायामाच्या खोलीत एका हाताने दांडी धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली, आणि हा तिच्या मागोमाग. गुडघ्याला गुडघा घासत, चवड्यांवर, हात कोंबडीच्या पंखांसारखे दुमडून. समोर भिंतभर आरसा होता. मुंगीला सगळं दिसत होतं.

"हुबेहूब की नाही?" त्याने आरशातूनच तिला डोळा मारला.

मुंगी हसली. ती रडली असती तर आजीला परवडलं असतं. नात स्वतःच्याच पायांना हसते, हे तिला बघवत नव्हतं. गेल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलाशी सगळ्या भावंडांसमोर त्याने हाच तमाशा केला होता. तेव्हाही मुंगी हसली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून व्यायामाची दांडी सोडायला तयार नव्हती.

"चांगली हात सोडून उभी राहायला लागली होती," व्यायाम घेणाऱ्या ताई म्हणाल्या. "मध्येच काय झालं हिला?"

आजीला कारण ठाऊक होतं. सांगायचं तर जावयाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्याची भरपाई लेकीला तिच्या घरी करावी लागली असती. आजवर आजीने एवढ्या एकाच माणसापुढे जीभ आवरली होती. आज मुलगा, मुंगीचा बाबा, कामावर अडकला म्हणून हा गाडी घेऊन आला, तर त्याचे आभारही मानून झाले होते.

ताईंनी मुंगीच्या पायांचे पट्टे सोडले आणि एक पिवळा प्लास्टिकचा शंकू तिच्यासमोर ठेवला. "दांडी सोडायची. डाव्या पायावर उभं राहायचं, उजव्याने हा उडवायचा. डावी टाच उचलायची नाही. शाळेच्या पायऱ्या स्वतः चढायच्यात ना? मग एका पायावर तोल सांभाळता आलाच पाहिजे."

मुंगीने दांडी धरूनच पाय पुढे केला. शंकू जेमतेम हलला.

"हात सोडून, राणी."

"पडेन मी."

"मी आहे ना मागे."

मुंगीने आरशात पाहिलं. जावई मोठ्या निळ्या चेंडूवर बसून डोलत होता. तिने दुसऱ्या हातानेही दांडी धरली.

"कशाला त्या जिवाचे हाल करता?" जावई म्हणाला. "नाही जमायचं तिला. शाळेत उचलून नेऊ की. वजन ते केवढं!"

आजी खुर्चीतून उठली. शंकू उचलून तिने काखेत मारला.

"आजी, तो राहू द्या. लाथ मारायला काहीतरी हवं ना तिला," ताई म्हणाल्या.

"तेच तर म्हणतेय. या शंकूवर ती का म्हणून पाय उगारेल? त्याने तिचं काय घोडं मारलंय?" आजी वळली. आवाजात साखर आली. "जावईबापू, जरा इकडे या बरं. पोरीला हसवायची हौस तुम्हालाच. या शंकूच्या जागी उभे राहा."

"मी?" जावई खुशीत उठला. "काय करायचं?"

"काही नाही. सरळ उभं राहायचं."

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मुंगीने त्याच्या नडगीकडे पाहिलं. मग आजीकडे. आजीने मान हलवली.

"आजी, अहो, हे बरं नाही," ताई पुटपुटल्या. पण पुटपुटत का होईना, मुंगीच्या मागे गुडघ्यांवर बसल्या आणि तिला न शिवता दोन्ही हात तिच्या कमरेशी धरून राहिल्या.

"जोरात?" मुंगीने विचारलं.

"पायात असेल तेवढं."

एक हात सुटला. मग दुसरा. मुंगी डावीकडे झुकली, डुगडुगली, हात वर दुमडले गेले. जावयालाही राहवलं नाही. त्यानेही हात दुमडले. तेवढ्यात लाथ बसली.

"आई गं!" तो नडगी धरून खालीच बसला. "हिने लाथ मारली! मोठ्या माणसाला! आणि आई, तुम्ही नुसत्या बघताय?"

ताईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या जवळजवळ जमिनीला गाल लावून मुंगीचं डावं पाऊल पाहत होत्या. "टाच टेकलेलीच राहिली!" त्या ओरडल्या. "आजी, टाच हललीसुद्धा नाही! आणि मी धरलं नव्हतं हं!"

मुंगी दोन्ही पायांवर उभी होती. धापा टाकत होती. आरशात बघत होती, पण हसत नव्हती.

"अर्थात, हा त्यातल्या त्यात सोपा पाय," ताई भानावर येत म्हणाल्या. "उजव्यावर उभं राहणं खरं अवघड आहे. ते अजून एकदाही जमलेलं नाही."

जावई उठला, पँट झटकली. "मी निघतो. पोरीला तुम्ही काय वळण लावताय ते तुमच्या लेकीच्या कानावर घालतो. मग बघा."

आजी जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"घाला ना. लाथ कशापायी खाल्लीत तेही नीट सांगा, नाहीतर मी येते सांगायला. तिच्या संसाराकडे बघून तुमचे फार लाड झाले, आता एकही व्हायचा नाही. पोरगी अवघड पायावर उभी राहीपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. चला, दुसरी नडगी पुढे करा."