अलीकडे, पलीकडे

आमच्या गावात पवनचक्कीचं फिरतं पातं तळाला पोचायच्या जरा अलीकडे थांबवलं की कुणाचं तरी लग्न, पलीकडे थांबवलं की कुणीतरी गेलं. मोडून पडलेली ही चक्की टायमनने वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभी केली आणि पहिल्याच दिवशी ब्रेक अडकून पातं पलीकडे थांबलं. तासाभरात अख्खं गाव काळ्या कपड्यांत, दुखवट्याचा केक घेऊन त्याच्या दारात.

"अगं याकोमिना, कसं गं झालं एकाएकी?" शेजारच्या बाउकेमावशीने त्याच्या बायकोला कवटाळलं.

"मावशी, मी जिवंत आहे," ब्रेकवर हातोडा मारता मारता टायमन वरून ओरडला.

"तू गप रे. तू पहिल्यापासूनचा थापाड्या. चक्की कधी खोटं बोललेली नाही."

बिचाऱ्या याकोमिनाने मुकाट्याने सगळ्यांना कॉफी दिली. वर टायमनने संतापून शेवटचा घाव घातला. ब्रेक सुटला, पाती करकरत फिरली आणि पुन्हा अडकली. या वेळी तळाच्या अलीकडे.

सगळ्यांनी वर पाहिलं, मग याकोमिनाकडे.

"इतक्या लवकर?" बाउकेमावशी म्हणाली. "निदान त्याच्या नावाची कॉफी तरी संपू द्यायचीस."