दहावं मशीन

नऊ मशीनवर हिरवं आणि दहाव्यावर लाल. दहावं मशीन ताईंचं होतं.

"तुमच्याकडेच कसं हो असं होतं?" पंडितने विचारलं. पंडित हे काही त्याचं नाव नव्हे. कंपायलरमधली कुठलीही ओळ झोपेतून उठवून विचारली तरी सांगायचा, म्हणून चिकटलेली पदवी. ताईंना ताई म्हणायचे ते वयामुळे. मुलांसाठी सात वर्षं घरी बसून त्या पुन्हा कामाला लागल्या होत्या आणि तीन महिन्यांची मुदत आज संपत होती. ठेवायचं की नाही, ते मॅडम संध्याकाळी सांगणार होत्या.

चाचणी तशी साधी. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून द्यायचा, हे कंपायलरचं काम. त्यात पंडितने वर्षभर खपून एक नवी सोय घातली होती. ती आपोआप मिळायची नाही. ज्याला हवी त्याने प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहून मागायची. मागेल त्याला मिळावी, न मागेल त्याला तिची झळही लागू नये. ताईंनी चाचणीत ती ओळ घातली होती. तरी त्यांचा कंपायलर खुशाल सांगत होता, अशी कुठली सोय मला माहीत नाही. चार वाजता हाच कंपायलर देशोदेशी जायचा होता, आणि त्याआधी दहाही मशीनवर चाचणी हिरवी यायला हवी, असा नियम.

ताईंनी ओळ पुन्हा वाचली. अक्षर न् अक्षर बरोबर. मशीन बंद करून चालू केलं. लाल. पाणी पिऊन आल्या. लाल.

"नाचता येईना..." कोपऱ्यातून कोणीतरी सुरुवात केली आणि ताईंनी मान वळवताच उरलेलं गिळून टाकलं. पुरं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. सात वर्षांत आपलं डोकं गंजलं, हे त्यांना स्वतःलाच पटत चाललं होतं. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे काही म्हणता काही कळत नव्हतं.

"तुमच्या मशीनवर एकदा चालवून बघू का?" त्यांनी पंडितला विचारलं.

"शंभरदा बघा." तो खुर्चीतून उठला.

त्याच्याकडे चाचणी पहिल्या फटक्यात हिरवी. ताईंचा आता स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा राहिला नव्हता. त्यांनी मागणीची ती ओळच खोडून टाकली आणि पुन्हा चालवलं. आता तरी लाल यायला हवं.

हिरवं.

"अहो, मी मागितलं नाही, तरी यानं दिलं," ताई म्हणाल्या.

"ओळ नीट खोडली नसेल."

पंडितने वाकून पाहिलं. ओळ नव्हती. त्याने स्वतः चालवलं, मग शेजारच्या मशीनवर, मग पलीकडच्या. मागणी कुठेच नव्हती आणि सोय सगळीकडे मिळत होती. तो ताईंकडे वळला.

"ताई, तुमचं मशीन लावून कोणी दिलं?"

"कोणी नाही. पहिल्या दिवशी ती पुस्तिका दिलीत ना नव्या माणसांसाठी? ती वाचत वाचत मीच लावलं. चुकलं का काही?"

ती पुस्तिका आजवर कोणी उघडली नव्हती. नवा माणूस आला की शेजाऱ्याच्या सेटिंगची फाइल उचलायची, झालं काम. आणि वर्षापूर्वी, दर वेळी ती ओळ लिहायचा कंटाळा म्हणून, पंडितने आपल्या फाइलीत सोय कायमची चालू करून ठेवली होती. ती फाइल हातोहात नऊ मशीनवर पोहोचली. ओळ लिहिल्याने काही होतं की नाही, हे मग कोणाला कळणार?

"म्हणजे हे कधी चाललंच नाही," पंडित म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला.

"असं कसं? तुमच्याकडे चाललं की," ताईंनी त्याची समजूत घातली.

एवढ्यात मॅडम आल्या. साडेतीन वाजले होते. कोणीतरी उपाय सुचवला, "ताईंच्या मशीनवरही तीच फाइल टाकू. दहाही हिरवी होतील."

"टाका की," ताई लगेच म्हणाल्या. "पण मॅडम, मला एक कळत नाही. ज्यांच्याकडे हे जाणार, त्यांच्याकडे असते का ती फाइल?"

टोमणा मारायला नव्हे, त्या खरोखरच विचारत होत्या. मॅडमनी ताईंकडे एकदा नीट पाहिलं आणि फोन लावला. आज काही जाणार नाही, म्हणाल्या. मग फोन कानाशी धरूनच एका कागदावर जाड अक्षरांत लिहिलं, "या मशीनला कोणीही हात लावू नये", तो कागद ताईंच्या मशीनला चिकटवला आणि बोलत बोलत आपल्या खोलीत निघून गेल्या.

ताई उभ्याच राहिल्या. कोणीही म्हणजे आपणसुद्धा? नोकरी राहिली की गेली, त्या कागदावरून काही उलगडेना. कोणाला विचारायचा धीर होईना. शेवटी त्यांनी खुर्चीवरची पर्स उचलली.

पंडितने ती त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. स्वतः मात्र उभाच राहिला.

"बसा ताई," तो म्हणाला. "माझं आणखी काय काय चालत नाही, ते एकदा सांगून टाका."