इंजिनचा दिवा

मितेशनं टेंपोला तिसऱ्यांदा स्कॅनर लावला. मशीन म्हणत होतं, एकही फॉल्ट नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा मात्र विझायला तयार नव्हता.

"कर ना रं कायतरी," प्रदीप रडकुंडीला आला. "उद्या गणपती न्यायचाय गडब गावाला. दिवा लागलाय तवर टेंपो कुणाला देत नाय म्हणतात भावोजी. ते कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवत बसलेत, म्हणून ताईनं गुपचूप चावी दिली. बोलली, नीट करून आण, मग बघते कसे देत नायत."

प्रदीप चहा सांगायला गेला. वैतागलेल्या मितेशनं बॅटरीची वायरच काढून टाकली. सगळा डॅशबोर्ड मेला, पण दिवा तसाच. त्यानं काचेवर नख घासून पाहिलं, तर नखाला पिवळा रंग लागला.

चहा आला. "नाय रं प्रदीप, ह्यो दिवा माझ्याच्यानं नाय विझायचा," मितेश म्हणाला.

प्रदीप गेल्यावर त्यानं त्याच्या भावोजींना फोन लावला. "पांडूकाका, माझ्या व्हॅनमध्येपण असाच एक दिवा रंगवून द्या. मला तीन मेव्हणे हायत."